बटण दाबल्यावर आत काय घडतं? जिन्याच्या दिव्यापासून विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत

दिवा लागलेला असताना लाइट गेली आणि तासाभरानं परत आली, तर दिवा आपोआप लागतो. विहिरीवरची मोटर मात्र लागत नाही. तिथं जाऊन पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. तो नेमका कोणत्या तारेमुळे येतो हे एकदा कळलं की स्टार्टरच्या बऱ्याचशा तक्रारींचं कारण पेटी उघडण्याआधीच सांगता येतं.

आयटीआयच्या पहिल्या वर्षातली मुलं आणि ज्यांना रात्री अकरा वाजता वायरमन मिळत नाही असे शेतकरी, हे दोघं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. आकृत्या पाठ करण्यापेक्षा एकच सवय लावून घ्या: फेज जिथून निघतो तिथं बोट ठेवायचं आणि तो न्यूट्रलला किंवा दुसऱ्या फेजला भेटेपर्यंत बोट उचलायचं नाही. वाटेत जिथं बोट अडेल तिथं दोष.

पेटी उघडण्यापूर्वी

मेन स्विच बंद करा. किटकॅट फ्यूज असतील तर तिन्ही ओढून खिशात ठेवा, म्हणजे तुमचा हात आत असताना कुणी मेन वर केला तरी धोका नाही. टेस्टर आधी चालू फेजला लावून पेटतो का ते पाहा, मग पेटीतल्या प्रत्येक टर्मिनलला लावा. मेलेला टेस्टर जिवंत तारेवरही गप्पच राहतो. पेटीत कपॅसिटर असेल तर मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज शिल्लक असतो. दोन साधे पिवळे बल्ब सिरीजमध्ये जोडून त्यांच्या तारा कपॅसिटरच्या टोकांना लावा आणि तो रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडायची पद्धत दिसायला धाडसी असली तरी त्यात ड्रायव्हर, कपॅसिटर आणि डोळे तिन्ही पणाला लागतात.

मीटरपासून मेनपर्यंतचं काम आणि नवी वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज टाकायला स्वतः चढू नका, शेजारचा कितीही आग्रह करो.

साधा स्विच

स्विच म्हणजे तारेत मुद्दाम ठेवलेली फट. चालू केला की आतल्या दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांवर दाबून बसतात, बंद केला की अलग होतात. गंमत अलग होण्याच्या क्षणात आहे. वाहता करंट तोडला की फटीत ठिणगी उठते आणि ती जितकी रेंगाळेल तितकी टोकं भाजतात. म्हणून चांगल्या स्विचला स्प्रिंगचा खटका असतो. तुम्ही बटण कितीही हळू दाबा, आतली पट्टी झटक्यातच सुटते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये असा झटक्यात तुटणारा स्विच बनवला आणि तीच कल्पना आजही तुमच्या भिंतीवर आहे. ज्या स्विचचा खटका ढिला झाला, जो अधेमधे अडकून चरचर आवाज करतो, तो तेव्हाच बदला.

आपल्या घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. तिच्यात करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपणहून विझते. डीसीत, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेत, ती तशी विझत नाही. सौर कृषिपंप घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: पॅनेलकडून कंट्रोलरकडे येणारी बाजू डीसी असते आणि तिथं घरगुती एसी स्विच किंवा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) लावला तर तोडताना ठिणगी तशीच जळत राहून पेटी पेटू शकते. तिथं डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर हवा.

दिव्याच्या सर्किटमध्ये स्विच फेजच्याच तारेत हवा. न्यूट्रलमध्ये टाकला तरी दिवा लागतो आणि विझतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. पण मग दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभा असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. तपासायला सोपं आहे: स्विच बंद करा, बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. एकाही पिनेवर टेस्टर पेटता कामा नये.

एलईडी बल्ब स्विच बंद केल्यावरही रात्री मंद मिणमिणतो, ही हल्लीची नेहमीची तक्रार. पहिला संशय याच चुकीवर घ्या. वायरिंग बरोबर निघाली तर स्विचमधला छोटा इंडिकेटर पाहा. त्यातून झिरपणारा करंट जुन्या बल्बला जाणवतही नव्हता, एलईडीला मात्र तेवढाच पुरतो. लांब अंतर शेजारीशेजारी गेलेल्या तारांमुळेही असं होतं, पण त्यात धोका काही नाही.

आणखी एक खूण. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय आणि घरात काहीच चालत नाही, तर दोन फेज आलेले नसतात. न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो. चालू असलेल्या एखाद्या उपकरणातून फेज उलटा फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो. सगळी बटणं बंद करून पाहा, एका भोकातला उजेड जाईल.

क्षमतेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवे-पंख्याला ६ अँपिअरचा स्विच, गीझर, इस्त्री, मिक्सर-मोटरला १६ अँपिअरचा. गीझर ६ अँपिअरच्या स्विचवर चालवला की आधी बटण पिवळं पडतं, मग वास येतो.

जिन्याचा दिवा: दोन ठिकाणांहून एक बल्ब

इथं टू-वे स्विच लागतो. त्याला तीन टर्मिनलं असतात: मधलं कॉमन आणि बाजूची दोन. बटण वर-खाली केलं की कॉमन या किंवा त्या बाजूच्या टर्मिनलला जोडलं जातं. म्हणजे हा स्विच नुसता चालू-बंद होत नाही, तर वाट बदलतो.

जोडणी अशी करा. फेज खालच्या स्विचच्या कॉमनला द्या. खालच्या स्विचच्या बाजूच्या दोन टर्मिनलांपासून दोन तारा वरच्या स्विचच्या बाजूच्या दोन टर्मिनलांना न्या. कोणती कुणाला, यानं फरक पडत नाही. वरच्या स्विचच्या कॉमनपासून तार बल्बला. बल्बचं दुसरं टोक न्यूट्रलला. आता बोट फिरवून पाहा: दोन्ही स्विच एकाच तारेवर असतील तर वाट पूर्ण, वेगवेगळ्या तारेवर असतील तर तुटलेली. कुठलंही एक बटण हलवलं की स्थिती उलटते.

खालचं बटण एका ठरावीक बाजूला असेल तरच वरून दिवा लागतो, अशी तक्रार आली तर बल्ब, फ्यूज काही पाहू नका. कुठल्यातरी एका स्विचवर कॉमनची तार आणि बाजूची तार यांची अदलाबदल झालेली असते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत वेगळीच जोडणी सापडते. दोन्ही स्विचच्या बाजूच्या टर्मिनलांना एकीकडे फेज, दुसरीकडे न्यूट्रल आणि बल्ब दोन कॉमनच्या मधे. तार वाचते, दिवाही बरोबर चालतो. पण दिवा बंद असताना कधी दोन्ही पिनांवर न्यूट्रल असतो, तर कधी दोन्ही पिनांवर फेज. शिवाय फेज आणि न्यूट्रल एकाच छोट्या स्विचमध्ये मिलिमीटरच्या अंतरावर उभे. अशी वायरिंग दिसली तर खर्चाचा विचार न करता बदलून घ्या.

तीन मजल्यांवरून एकच दिवा हवा असेल तर मधल्या मजल्यावर चार टर्मिनलांचा इंटरमीजिएट स्विच टाकतात. तो दोन्ही तारा सरळ तरी ठेवतो किंवा त्यांची फुली तरी करतो.

ट्यूबलाइटचा स्टार्टर

चोक-स्टार्टरच्या ट्यूब आता कमी झाल्या, तरी शाळा, गोठे, कारखान्यांच्या शेड इथं त्या अजून भरपूर आहेत. शिवाय आपोआप चालू होऊन आपोआप बाजूला होणारा स्विच कसा असतो, हे शिकायला याहून स्वस्त वस्तू नाही.

स्टार्टरच्या डबीत वायू भरलेली काचेची कुपी आणि तिच्यात दोन पट्ट्या असतात. त्यातली एक दोन धातूंची, म्हणजे तापली की वाकणारी. स्विच चालू केल्यावर २३० व्होल्ट जवळजवळ पूर्ण या दोन पट्ट्यांमध्ये येतात, वायू उजळतो, पट्टी तापते, वाकते आणि दुसरीला टेकते. आता करंट चोकमधून (पट्टीतलं लोखंडावरचं तारेचं वेटोळं), ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारांमधून आणि टेकलेल्या पट्ट्यांमधून वाहतो. टोकं लालसर होतात ती याच वेळी. पण पट्ट्या टेकल्यामुळे कुपीतला उजेड विझलेला असतो, म्हणून पट्टी थंड होते आणि सुटते. वाहता करंट असा अचानक तुटला की चोक सातआठशे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूबमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत करंटची वाट उघडते. करंट लहरीच्या नेमक्या कोणत्या क्षणी तुटला यावर झटक्याचा जोर ठरतो. म्हणून ट्यूब कधी पहिल्या खेपेला लागते, कधी दोनतीनदा लुकलुकून.

एकदा लागली की ट्यूबवर साधारण शंभरच व्होल्ट उरतात आणि तेवढ्यात कुपी उजळत नाही. लागलेल्या ट्यूबचा स्टार्टर फिरवून काढून घ्या, ट्यूब चालूच राहते. ४० किंवा ३६ वॅटच्या एका ट्यूबला एस-१० चालतो. एका चोकवर दोन फुटी दोन ट्यूब सिरीजमध्ये असतील तर प्रत्येकीला एस-२ लागतो.

फक्त टोकं पेटलेली आणि मधे अंधार: स्टार्टरच्या पट्ट्या चिकटल्या, किंवा त्यातला छोटा कंडेन्सर शॉर्ट झाला. स्टार्टर काढताच ट्यूब लागली तर खात्रीच. सारखी लुकलुकते आणि टोकं काळी: ट्यूब संपली, अशा वेळी नुसता स्टार्टर बदलून पैसे घालवू नका. काहीच होत नाही: एका टोकाची तार तुटली, चोक ओपन किंवा होल्डरची पिन ढिली. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना पॅकिंगवरची आकृती आधी वाचा. काहींना चोक बाजूला करावा लागतो, काहींबरोबर खास बनावटीचा स्टार्टर येतो.

मोटरला नुसता स्विच का पुरत नाही

मोटर उभी असताना तिची वायंडिंग फार कमी अडथळा करते. पाच एचपीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. निघताना सहा पट, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. वेग आला की करंट खाली येतो. वेग आलाच नाही, पंपात गाळ अडकला किंवा व्होल्टेज पडलं, तर तो तसाच राहतो आणि वायंडिंगची वार्निश काही मिनिटांत जळते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: ४१५ ऐवजी ३०० व्होल्ट मिळाले तर जोर जवळपास निम्मा.

म्हणून मोटरच्या स्विचला तीन जादा कामं करावी लागतात. मोठा करंट ठिणगी सोसून तोडायचा. लाइट गेली की स्वतः सुटायचं आणि आली तरी आपणहून लागायचं नाही. आणि निघतानाचा सहा पट करंट काही सेकंद चालू द्यायचा, पण दीडपट करंट दहा मिनिटं चालू द्यायचा नाही. एमसीबी यातलं पहिलं काम करतो, दुसरं करत नाही आणि तिसरं हवं तसं जुळवून देत नाही. बरेच जण छोट्या मोटरी नुसत्या एमसीबीवर चालवतात. तो फ्यूजचा पर्याय आहे, स्टार्टरचा नाही.

डीओएल पेटीच्या आत

डीओएल म्हणजे डायरेक्ट ऑन लाइन, मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा साधा स्टार्टर. झाकण काढल्यावर वरचा मोठा ठोकळा म्हणजे कॉन्टॅक्टर. त्यात एक कॉइल असते, जिला सगळे नो व्होल्ट कॉइल म्हणतात. कॉइलला वीज मिळाली की ती लोखंडी तुकडा ओढते आणि त्याबरोबर तीन मोठे पॉइंट मिटतात. वीज गेली की स्प्रिंग त्यांना सोडवते. तीन मोठ्या पॉइंटांच्या बाजूला एक चौथा छोटा पॉइंट असतो, १३-१४ असा आकडा छापलेला. साऱ्या स्टार्टरचं मर्म त्या छोट्या पॉइंटात आहे. खालचा ठोकळा ओव्हरलोड रिले: जादा करंटनं तापून वाकणाऱ्या, तीन फेजच्या तीन द्विधातू पट्ट्या आणि अँपिअरची चकती. झाकणावर हिरवं बटण, दाबल्यावर जोडणारं. आणि लाल बटण, दाबल्यावर तोडणारं.

पॉवरची बाजू सरळ आहे. मेनमधून तीन फेज कॉन्टॅक्टरच्या वर, खालून रिलेत, रिलेतून मोटरला. जाड तारा, घट्ट स्क्रू, बस्स.

कंट्रोलची बाजू बोट ठेवून वाचा. कॉइल ४१५ व्होल्टची आहे असं धरू.

१. पहिला फेज कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलावरून बारीक तारेनं रिलेच्या ९५ वर. ९५-९६ हा पॉइंट नेहमी जोडलेला असतो, रिले ट्रिप झाला की सुटतो.

२. ९६ वरून लाल बटणात. तेही नेहमी जोडलेलं.

३. लाल बटणातून हिरव्या बटणाच्या एका बाजूला. हिरवं बटण एरवी सुटलेलं असतं, म्हणून बोट इथं थांबतं.

४. हिरव्या बटणाच्या दुसऱ्या बाजूवरून कॉइलच्या ए१ वर.

५. ए२ वरून तिसऱ्या फेजला. कॉइल २४० व्होल्टची असेल तर इथं तिसऱ्या फेजऐवजी न्यूट्रल. कॉइलवर छापलेलं व्होल्टेज न वाचता ती जोडली की एकतर ती धरत नाही किंवा जळते.

६. १३ ची तार हिरव्या बटणाच्या एका बाजूला, १४ ची दुसऱ्या बाजूला.

हिरवं बटण दाबलं की वाट पूर्ण होते, कॉइल ओढते, मोटर निघते आणि त्याच वेळी १३-१४ मिटतो. आता बोट उचललं तरी करंट बटणाऐवजी १३-१४ मधून जातो. आत शिरून दाराला आतून कडी लावून घ्यावी तसं कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण दाबा, रिले ट्रिप होऊ द्या किंवा लाइट जाऊ द्या, कॉइल सुटते आणि तिच्याबरोबर १३-१४ ही सुटतो. मग लाइट आली तरी वाट तिथंच तुटलेली. पहिल्या परिच्छेदातला फरक तो एवढाच.

घरातून आणि विहिरीवरून, दोन्हीकडून मोटर चालवायची असेल तर नियम छोटा आहे: जादा हिरवं बटण जुन्या हिरव्याला समांतर, जादा लाल बटण जुन्या लालच्या ओळीत. कंट्रोलची तार शेतातून जाणार असेल तर ती चांगल्या इन्सुलेशनची, पाइपातून न्या. तिच्यात ४१५ व्होल्ट असतात हे बारीक तार पाहून विसरायला होतं.

पहिल्यांदा चालू करताना मोटरकडे जाणाऱ्या तीन तारा सोडून ठेवा आणि नुसता कॉन्टॅक्टर ओढून-सोडून पाहा. हिरव्यानं धरतो, लालनं सोडतो, रिलेचं टेस्ट बटण दाबल्यावर सुटतो, मेन बंद करून पुन्हा चालू केल्यावर आपोआप ओढत नाही: या चार गोष्टी जमल्या की मगच मोटर जोडा. मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करा. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो, त्यामुळे कमी पाण्याची तक्रार कित्येक महिने बोरच्या नावावर खपते.

रिलेची चकती

मोटरच्या नेमप्लेटवरचा अँपिअरचा आकडा वाचा आणि चकती त्यावर ठेवा. नेमप्लेट घासून गेली असेल तर तारेभोवती पकडायच्या टाँग टेस्टरनं भरल्या लोडवरचा करंट मोजा. एचपीला दीड अँपिअर हा अंदाज साध्या थ्री फेज मोटरीला जवळपास लागू पडतो. सबमर्सिबल मोटर त्याहून जास्त घेते.

दहा क्लासचा रिले सेटिंगच्या १.२ पट करंटला दोन तासांच्या आत सुटतो, दीडपटीला चार मिनिटांच्या आत, ७.२ पटीला चार ते दहा सेकंदांत. म्हणूनच तो निघतानाच्या धक्क्याला सुटत नाही. पण शॉर्ट सर्किटला तो फारच संथ आहे, त्यासाठी मागे फ्यूज किंवा सी कर्व्हचा एमसीबी हवाच.

‘रिले सारखा पडतो’ म्हणून चकती वर सरकवणं, नाहीतर ९५-९६ ला तारेनं बायपास करणं, हा गावोगावचा उपाय. त्यानं रिले पडायचा थांबतो आणि काही दिवसांनी मोटर रिवाइंडिंगला जाते. रिले पडला तर करंट मोजा. तिन्ही फेजवर सारखा आणि नेमप्लेटइतका असेल तरच रिलेला दोष द्या.

दोन फेजवर अडकलेली मोटर

स्टार्टरची एक मोठी उणीव वरच्या पाचव्या पायरीत लपलेली आहे. कॉइल दोनच फेजवर उभी आहे. मधला फेज गेला तर तिला पत्ताच लागत नाही. ती धरून राहते आणि मोटर दोन फेजवर घोंघावत तापते. कॉइलचाच एखादा फेज गेला तरी खात्री नाही, कारण फिरणारी मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि कॉइल त्यावर तगून राहते. रिले शेवटी पडतो, पण बऱ्याचदा उशिरा. म्हणून शेतीपंपाला सिंगल फेज प्रिव्हेंटर ही चैन मानू नका. त्याचा पॉइंट लाल बटणाच्या ओळीत येतो. एक फेज गेला किंवा तीन फेजमधला तोल बिघडला की तो कॉइलची वाट तोडतो.

बिघाड शोधताना

हिरवं दाबलं, काहीच आवाज नाही. आधी तिन्ही फेज आलेत का ते पाहा, मग रिले रीसेट करा. नंतर मल्टिमीटरनं पहिल्या फेजपासून ९५, ९६, लाल, हिरवं, ए१ अशी वाट तपासत जा. फेज ज्या ठिकाणी हरवतो त्याच्या लगेच मागचा पॉइंट दोषी. ए१-ए२ मध्ये बटण दाबल्यावर पूर्ण व्होल्टेज आहे आणि तरी ओढत नाही, तर कॉइल गेली.

बटण दाबून धरलेलं असेपर्यंत चालते, सोडलं की बंद. १३-१४ पाहा: पॉइंट भाजलाय किंवा तार सुटलीये. इथं काही जण हिरव्या बटणात काडी खुपसून ठेवतात. त्या काडीनं नो व्होल्ट संरक्षण संपतं, कारण आता लाइट आली की मोटर स्वतःहून निघणार.

कॉन्टॅक्टर खडखड करतो. व्होल्टेज कमी आहे, चुंबकाच्या तोंडावर धूळ-गंज आहे किंवा तिथली तांब्याची शेडिंग रिंग तुटली आहे. विहिरीवरच्या पेट्यांत मुंगळे, पाली आणि गांधीलमाश्यांची मातीची घरं हेही नेहमीचं कारण. पेटीची केबलची भोकं रबरी बूच लावून बंद करा. रुंद व्होल्टेज पट्ट्यात धरून ठेवणारी कॉइल मिळते, ती कमी व्होल्टेजच्या लाइनवर उपयोगी पडते. मात्र कॉइल धरते म्हणून मोटरलाही ते व्होल्टेज सोसेल असं नाही.

लाल दाबलं तरी मोटर बंद होत नाही: मोठे पॉइंट वितळून चिकटले. मेन बंद करा, पॉइंटांचा पूर्ण संच बदला. कानशीनं घासून वापरलेले चांदीमिश्रित पॉइंट फार दिवस टिकत नाहीत.

स्टार-डेल्टा आणि बोरचं पॅनेल

साधारण साडेसात एचपीच्या पुढं स्टार-डेल्टा स्टार्टर बसवतात. मोटरच्या सहा तारा बाहेर आणून आधी तीन वायंडिंग स्टारमध्ये (तिन्हींची एकेक टोकं एकत्र) जोडतात, तेव्हा प्रत्येकीला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात. लाइनमधून येणारा करंट डीओएलच्या एक तृतीयांश होतो आणि जोरही एक तृतीयांशच. वेग आला की डेल्टा (तिन्ही टोकाला टोक, त्रिकोणात). ‘करंट कमी’ हे सगळे सांगतात, ‘जोर कमी’ हे कुणी सांगत नाही. विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाला ते चालतं, भरल्या पट्ट्याच्या कडबाकुट्टीला नाही. मोटर चालताना डेल्टात ४१५ व्होल्टवर चालणारीच हवी. लहान मोटरी बहुधा आतूनच स्टारमध्ये जोडलेल्या असतात. स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी मिटले तर थेट शॉर्ट होतो, म्हणून दोघांमधलं इंटरलॉक (एक मिटलेला असताना दुसऱ्याला मिटू न देणारी अडकाठी) कधीही काढू नका. रिले वायंडिंगच्या वाटेत असेल तर चकती नेमप्लेटच्या ०.५८ पटीवर ठेवा: १५ अँपिअरच्या मोटरीला ८.७. हँडलच्या जुन्या स्टार्टरमध्ये मोटर स्टारवरच सोडून निघून जाणं हे वायंडिंग जळायचं ठरलेलं कारण.

घरच्या बोरची सिंगल फेज मोटर स्वतःहून फिरायला सुरुवात करू शकत नाही. पॅनेलमधले दोन कपॅसिटर तिला मदत करतात: रन कपॅसिटर कायम जोडलेला, स्टार्ट कपॅसिटर हिरवं बटण दाबून धरलेलं असेपर्यंत. म्हणून दोनतीन सेकंदांत बटण सोडा. घों आवाज येतो आणि फिरत नाही, तर आधी स्टार्ट कपॅसिटर तपासा. फुगलेला असेल तर मोजायचीही गरज नाही. मोटरच्या तीन रंगीत तारांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, पॅनेलच्या झाकणावरची आकृती पाहूनच जोडा.

ऑटो स्विचचं काय करायचं

रात्रीच्या पाळीला लाइट येते आणि शेतात साप-बिबट्याची भीती, म्हणून लोक ऑटो स्विच लावतात. त्यांना दोष देण्याआधी ती रात्र आठवा. ऑटो स्विच करतो एवढंच, की लाइट आली की हिरवं बटण तो स्वतः दाबतो. अडचण अशी की एकाच डीपीवरचे सगळे पंप त्याच सेकंदाला निघतात, प्रत्येक जण सहा पट करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, एकही मोटर वेग घेत नाही आणि डीपी जळते. महावितरण ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असं वारंवार सांगतं ते यासाठी.

ऑटो लावायचाच असेल तर तीन अटी पाळा. त्यात उशीर ठरवायची सोय हवी आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांनी आपापसात वेगवेगळा उशीर ठरवावा: एकाचा एक मिनिट, दुसऱ्याचा दोन. त्याला सिंगल फेज आणि कोरड्या बोरचं संरक्षण हवं. आणि ओव्हरलोड रिलेचं रीसेट हातानं करायच्या जागीच असू द्या. रिले ऑटो रीसेटवर आणि वर ऑटो स्विच, अशी जोडी जमली तर अडकलेली मोटर पडते, थंड होते, पुन्हा निघते, पुन्हा पडते, आणि सकाळपर्यंत जळून जाते. मोबाइलवरून चालणारे स्टार्टर मिळतात. ज्याला रेंज आहे त्यानं ऑटोपेक्षा ते घ्यावेत, कारण बटण दाबायचा निर्णय माणसाकडे राहतो.

महावितरण सांगतं तो कपॅसिटर लाइनमधून येणारा करंट कमी करतो. तो तीन एचपीला साधारण १, पाचला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप). तो कॉन्टॅक्टरच्या खाली आणि रिलेच्या वर जोडा. कॉन्टॅक्टरच्या वर जोडला तर मोटर बंद असतानाही तो लाइनवर राहतो. रिलेच्या खाली जोडला तर रिलेला मोटरचा खरा करंट दिसत नाही, आणि मग चकती कपॅसिटरसह मोजलेल्या, कमी झालेल्या करंटवर आणावी लागते.